मेंदूचे इंधन आणि प्रथिनांचा गाळ

बंगळुरूच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड ही वसाहत १८८२ साली अस्तित्वात आली. म्हैसूरचे महाराज चामराज वडियार यांनी युरेशियन आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या संघटनेला ३,९०० एकर जमीन दिली आणि त्या संघटनेचे पुढारी डी. एस. व्हाइट यांच्या नावावरून गावाला नाव मिळाले. वर्तुळाकार रस्ता, त्याच्या कडेने बंगले आणि बागा, हे तिचे रूप शंभराहून अधिक वर्षे टिकून होते. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे संगणक-उद्योगाच्या इमारती उभ्या राहू लागल्या आणि पाहता पाहता त्या शांत गावाचे एक गजबजलेले उपनगर झाले. नोकरीसाठी आलेल्या तरुणांच्या मागोमाग त्यांचे वडीलधारेही येऊ लागले. त्यांत पुण्याहून, सोलापूरहून, बेळगावहून आलेली मराठी माणसेही पुष्कळ आहेत.

अशा घरांत एक प्रसंग थोड्याफार फरकाने घडत असतो. गावाकडचे घर बंद करून आईला मुलाकडे आणलेले असते. दिवसभर ती बरी असते. संध्याकाळी मात्र पदर सावरून दाराशी उभी राहते आणि म्हणते, "चला, उशीर झाला, आता घरी जायला हवं." मुलगा समजावतो, "आई, हेच आपलं घर. आपण व्हाइटफील्डला आहोत." ती मान डोलावते आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच म्हणते. घरची माणसे प्रथम जागा बदलल्याला दोष देतात, मग वयाला. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तर हाताशी असतेच. या म्हणीने आपल्या समाजाचे एक नुकसान केले आहे. जो रोग आहे त्याला तिने वयाचा धर्म ठरवून टाकले, आणि धर्मावर कोणी औषध शोधत नाही.

जागा बदलल्याचा दोष मात्र अगदीच निराधार नसतो. चाळीस वर्षांच्या घरात माणूस सवयीने वावरतो; दिव्याचे बटण, देवघर, मोरी हे सगळे हाताला आणि पायांना ठाऊक असते. नव्या घरात प्रत्येक गोष्ट नव्याने शिकावी लागते, आणि नेमकी तीच शक्ती अगोदरच क्षीण झालेली असते. तेव्हा स्थलांतराने रोग निर्माण होत नाही, तो उघडा पडतो. मेंदूत तो त्यापूर्वी दहा, पंधरा, कधी वीस वर्षेही मुरत आलेला असतो. या दीर्घ काळात मेंदूत काय चाललेले असते, त्याचा मेंदूच्या इंधनाशी कोणता संबंध आहे, हा प्रस्तुत प्रकरणाचा विषय आहे.

खर्चिक अवयव

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १,३०० ते १,४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास असते. परंतु शरीर विश्रांती घेत असताना जेवढी ऊर्जा खर्च होते तिचा पाचवा हिस्सा हा एकटा अवयव घेतो. स्नायूंप्रमाणे त्याला काम नसताना स्वस्थ बसता येत नाही. झोपेतही त्याचा खर्च फारसा उतरत नाही, आणि कठीण गणित सोडवताना तो फारसा चढतही नाही. शिवाय या अवयवापाशी साठा जवळजवळ नाही. यकृतात आणि स्नायूंत साखरेची बऱ्यापैकी शिल्लक असते. मेंदूचे मात्र हातावर पोट असते. रक्तपुरवठा दहाएक सेकंद थांबला तरी शुद्ध हरपते आणि काही मिनिटे थांबला तर न भरून येणारी हानी होते.

एवढी ऊर्जा कशासाठी लागते? चेतापेशींचे संदेश विद्युत् स्वरूपाचे असतात, आणि ही वीज सोडियम व पोटॅशियम यांच्या भारित कणांच्या ये-जा करण्यातून उत्पन्न होते. प्रत्येक संदेशानंतर आत आलेले सोडियम पुन्हा बाहेर उपसावे लागते. बोटीत शिरणारे पाणी नावाड्याने अखंड उपसत राहावे, तसे हे काम आहे. मेंदूच्या खर्चाचा फार मोठा भाग या उपशावर होतो, आणि त्यातही दोन चेतापेशी जेथे एकमेकींशी बोलतात त्या संपर्कस्थानांवर. हे इंधन मुख्यतः ग्लुकोजपासून मिळते. पेशीतील तंतुकणिका ग्लुकोजचे अवशेष प्राणवायूच्या साहाय्याने जाळतात आणि एटीपी या रसायनाच्या रूपाने ऊर्जा हाती देतात.

जिवंत मेंदूतील खर्चाचे मापन

मेंदूचा कोणता भाग किती ग्लुकोज घेतो हे कवटी न उघडता पाहता येईल, अशी कल्पनाही एके काळी कोणी केली नसती. अमेरिकेतील लुई सोकोलॉफ यांनी त्याचा मार्ग दाखवला. ग्लुकोजसारखाच, परंतु किंचित फरक केलेला रेणू पेशीला दिला, तर पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेते. मात्र पहिल्या पायरीनंतर त्याचे पुढे काही करता येत नाही आणि तो आतच अडकून पडतो. या रेणूला किरणोत्सारी फ्लुओरिन जोडले की पेशीने किती ‘साखर’ घेतली ते बाहेरून मोजता येते. १९७६ च्या ऑगस्टमध्ये असा पदार्थ ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत तयार करून विमानाने फिलाडेल्फियाला नेण्यात आला आणि माणसाला प्रथम टोचण्यात आला. विमानाची घाई अकारण नव्हती: या फ्लुओरिनची किरणोत्सारिता दर ११० मिनिटांनी निम्म्यावर येते. त्यातून बाहेर पडणारा पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटून नाहीसा होतो आणि परस्परविरुद्ध दिशांना दोन किरण सुटतात. डोक्याभोवतीचे कडे ते टिपते व त्यांवरून मेंदूचा नकाशा तयार होतो. ‘पेट’ तपासणी म्हणतात ती हीच.

भारतात या तपासणीचा आरंभ मुंबईत झाला. परळ येथील किरणोत्सर्ग वैद्यक केंद्रात २००२ साली देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन कार्यान्वित झाले आणि असे अल्पायुषी पदार्थ येथेच तयार होऊ लागले. व्हाइटफील्डचाही या यंत्रविद्येशी संबंध आहे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे जॉन एफ. वेल्च तंत्रज्ञान केंद्र २००० साली तेथे सुरू झाले आणि शरीराच्या आतील भागांची चित्रे घेणारी यंत्रे हा तेथील अभियंत्यांच्या कामाचा एक विषय राहिला आहे. गमतीची गोष्ट अशी की ज्या उपनगरात असली यंत्रे घडवणारे मुलगे आणि मुली राहतात, तेथेच त्यांच्या घरी आईच्या विसराळूपणाला वर्षानुवर्षे ‘वय झालं’ एवढेच नाव असते.

अल्झायमरच्या रुग्णाचा असा नकाशा पाहिला की हानीची एक ठराविक आकृती दिसते. डोळ्यांना दिसते ते ग्रहण करणारा भाग, हातापायांना हलवणारा भाग आणि अनुमस्तिष्क बऱ्याच काळापर्यंत नेहमीसारखे उजळ राहतात. मेंदूच्या मागील बाजूला मध्यरेषेलगत असलेला भाग मात्र मंदावतो, आणि त्याबरोबर कानशिलाच्या व माथ्याच्या बाजूचे भाग. मध्यरेषेलगतच्या त्या भागाचा संबंध आठवणीशी आणि स्थळाच्या भानाशी आहे. रुग्णाचे पाय चांगले चालतात, डोळ्यांना दार दिसते, पण ते दार कोणत्या घराचे हे कळत नाही, याचे मर्म या आकृतीत आहे.

दोन प्रथिने

१९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची एकावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी तिच्या स्मृतिभ्रंशाची बारकाईने नोंद ठेवली आणि १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यांना दोन प्रकारचा कचरा दिसला: पेशींच्या बाहेर चकत्या आणि पेशींच्या आत तंतूंचे गुंते. चकत्यांमधील मुख्य पदार्थ म्हणजे बीटा-अमायलॉइड हा चाळीस-बेचाळीस अमिनो आम्लांचा लहानसा प्रथिनखंड, हे उमजायला १९८४ साल उजाडले. गुंते टाउ नावाच्या प्रथिनाचे असतात हे त्यानंतर एक-दोन वर्षांत ठरले. दोन्ही प्रथिने निरोगी मेंदूतही असतात. अमायलॉइड हा एका मोठ्या प्रथिनाचा कापलेला तुकडा असून तो सर्वांच्या मेंदूत रोज तयार होतो व रोज वाहून नेला जातो. टाउचे काम तर मोलाचे आहे: चेतापेशीच्या लांब तंतूत मालाची ने-आण करणाऱ्या सूक्ष्म नळ्यांना तो आधार देतो. दोष त्यांच्या असण्यात नसून साचण्यात आहे.

हा गाळ साचला की इंधनाची व्यवस्था अनेक ठिकाणी एकदम बिघडते. प्रथम रक्तापासून पाहू. मेंदूतील अगदी बारीक केशवाहिन्यांना बाहेरून मिठी मारून बसलेल्या काही पेशी असतात. त्या आवळल्या की वाहिनी अरुंद होते. अमायलॉइडमुळे या पेशी आवळल्या जातात, असे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१९ साली दाखवून दिले. म्हणजे मूळ पुरवठ्याचा नळच बारीक होतो. पुढे ग्लुकोजला रक्तातून मेंदूत आणि तेथून पेशीत नेणारी वाहक प्रथिने लागतात. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत तीही कमी झालेली आढळतात. पेशीत पोचलेल्या इंधनाचेही धड चालत नाही. अमायलॉइडचे लहान पुंजके तंतुकणिकांत शिरतात, तेथील विकरांना चिकटतात आणि ज्वलनाच्या शेवटच्या टप्प्याला अडथळा आणतात. अर्धवट जळणाऱ्या चुलीतून धूर व्हावा तसे घातक प्राणवायुयुक्त रेणू त्यातून निघतात आणि तंतुकणिकांनाच आणखी इजा करतात.

टाउचा उपद्रव वेगळ्या जातीचा आहे. चेतापेशीचा तंतू काही ठिकाणी हातभर आणि त्याहूनही लांब असतो, आणि त्याच्या टोकाशी असलेल्या संपर्कस्थानाला तंतुकणिका हव्या असतात. त्या मुख्यतः पेशीच्या मध्यभागी घडतात व नळ्यांच्या वाटेने टोकापर्यंत नेल्या जातात. टाउ नळ्यांपासून सुटून गुंत्यात गेला की ही वाट मोडते. पेशीच्या मध्यभागी वीजघर शाबूत असते आणि शेवटच्या खांबावर अंधार पडतो. संपर्कस्थाने प्रथम मुकी होतात, मग गळून पडतात. रुग्णाच्या लक्षणांचे प्रमाण चकत्यांपेक्षा गुंत्यांशी अधिक जुळते, आणि मंदावलेल्या भागांचा नकाशाही अमायलॉइडपेक्षा टाउच्या नकाशाशी जास्त मिळतो, हे आता चांगले प्रस्थापित झाले आहे. मेंदूत पुष्कळ अमायलॉइड असूनही शेवटपर्यंत शहाणी राहिलेली वृद्ध माणसे वैद्यांना भेटतात, त्याचा अर्थ येथे लागतो.

२०२४ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातून आणखी एक दुवा पुढे आला. चेतापेशींच्या शेजारी ताराकृती आधारपेशी असतात. त्या ग्लुकोजचे लॅक्टेट करून चेतापेशींना पुरवतात. शेजारणीने पीठ मळून द्यावे आणि घरधनिणीने पोळ्या लाटाव्यात, तशी ही वाटणी. अमायलॉइड आणि टाउ यांच्या पुंजक्यांमुळे आधारपेशींमध्ये एक विकर जोर धरतो आणि त्यातून निर्माण होणारे रसायन लॅक्टेट तयार करण्याचे काम मंद करते. या विकराला रोखणारे द्रव्य उंदरांना दिले तेव्हा आधारपेशी पुन्हा पुरवठा करू लागल्या आणि उंदरांची स्मरणशक्ती सुधारली. विशेष हे की चेतापेशी तोवर मेल्या नव्हत्या, उपाशी होत्या. हा प्रयोग उंदरांवरचा आहे हे विसरू नये. उंदरांत बरे झालेले आणि माणसांत निष्फळ ठरलेले अल्झायमरचे उपचार थोडेथोडके नाहीत.

आधी काय?

येथवरच्या विवेचनावरून गाळ हे कारण आणि ऊर्जेची तूट हे कार्य, असे वाटेल. प्रकरण इतके सरळ असते तर बरे झाले असते. मेंदूचे जे भाग आयुष्यभर सर्वाधिक कामात असतात, आणि त्यातही जेथे ग्लुकोज प्राणवायूशिवाय वापरण्याचे प्रमाण मोठे असते, तेथेच पुढे अमायलॉइड अधिक साचतो, असे सेंट लुई येथील संशोधकांनी २०१० साली नकाशे शेजारी ठेवून दाखवले. प्राण्यांवरील प्रयोगांत चेतापेशी जितकी अधिक बोलते तितका अधिक अमायलॉइड बाहेर टाकते, हेही दिसले होते. उलट बाजूने, या रोगाचा धोका वाढवणारे एपीओई-४ हे जनुक ज्यांच्यात आहे अशा वीस ते एकोणचाळीस वर्षांच्या निरोगी तरुणांतही त्याच भागांत ग्लुकोजचा वापर किंचित कमी असल्याचे २००४ साली आढळले. चकत्या जमण्याच्या कितीतरी वर्षे आधीची ही गोष्ट आहे. तेव्हा काही जणांत तूट आधी आणि गाळ नंतर, असाही क्रम असू शकतो. बहुधा दोन्ही एकमेकांना वाढवत जातात: काम करताना कचरा निघतो, कचरा काढायलाही ऊर्जा लागते, ऊर्जा घटली की कचरा साचतो, आणि साचलेला कचरा ऊर्जा आणखी घटवतो.

व्हाइटफील्डजवळचे वर्तूर तळे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे चक्र समजावून सांगावे लागत नाही. बेळ्ळंदूर तळ्याचे पाणी वर्तूरमध्ये उतरते. भोवतालचा परिसर वाढला, सांडपाणी वाढले, शुद्धीकरणाची सोय त्या वेगाने वाढली नाही. २०१५ साली वर्तूरचा फेस रस्त्यावर आला आणि बेळ्ळंदूरच्या फेसाने पेट घेतला. गजबज आणि घाण ही एकाच वाढीची दोन अंगे होती. उपमा येथवरच चालते. तळ्यातला गाळ उपसता येतो, मेंदूतला गाळ उपसणे फार नाजूक काम आहे.

तसा प्रयत्नही झाला आहे. अमायलॉइडला चिकटून तो काढून टाकणारे लेकानेमॅब हे प्रतिपिंड-औषध अमेरिकेत २०२३ साली मान्य झाले. सुमारे अठराशे रुग्णांवरील चाचणीत चकत्या मोठ्या प्रमाणात नाहीशा झाल्या; अठरा महिन्यांतील ऱ्हास मात्र २७ टक्क्यांनी मंदावला, थांबला नाही. काहींना मेंदूत सूज आणि रक्तस्रावाचा त्रास झाला. गाळ काढल्यानेही मोडलेली वाट आणि विझलेले वीजघर आपोआप पूर्ववत होत नाही, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

मेंदूला साखर कमी पडते असे ऐकून रुग्णाला गोडधोड वाढवणारी माणसेही आहेत. त्याचा उपयोग नाही. रक्तात ग्लुकोज मुबलक असते. अडचण ते पोचण्याची आणि जळण्याची आहे. उलट दीर्घकाळचा मधुमेह आणि रक्तदाब केशवाहिन्या खराब करून संकट वाढवतात. नाकावाटे इन्शुलिन देऊन मेंदूचा ग्लुकोज-वापर सुधारण्याची एक मोठी चाचणी झाली होती. २०२० साली तिचे फलित जाहीर झाले तेव्हा रुग्णांना लाभ दिसला नाही.

कमी इंधनात चाललेला संसार

या विषयातील एक निरीक्षण भारतीयांसाठी विशेष महत्त्वाचे आहे. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या निझाम आयुर्विज्ञान संस्थेत स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत रोगाची लक्षणे एकभाषी रुग्णांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाली होती. कधी शाळेत न गेलेल्यांतही हा फरक होता. पुढे २०१७ साली इटलीतील संशोधकांनी अल्झायमरच्या ८५ रुग्णांची ‘पेट’ तपासणी केली. जर्मन आणि इटालियन दोन्ही बोलणाऱ्यांच्या मेंदूतील काही भाग एकभाषी रुग्णांपेक्षा अधिक मंदावलेले होते, ते वयानेही मोठे होते, आणि तरीही स्मरणाच्या काही कसोट्यांत ते सरस ठरले. इंधन कमी असून संसार अधिक नेटका चालला होता. मेंदूच्या निरनिराळ्या भागांमधील जोडण्या त्यांच्यात अधिक भक्कम आढळल्या. भाषेने गाळ थांबवला असे कोणी म्हणत नाही. त्याला तोंड द्यायला पर्यायी वाटा होत्या, एवढेच.

सोलापूरच्या पेठेत मराठी, कानडी आणि तेलुगू एका श्वासात बोलणारी, किंवा बेळगावात दोन भाषांत वाढलेली आजी व्हाइटफील्डला येते तेव्हा अशी शिदोरी तिच्यापाशी असते. भाजीवाल्याशी तिला कानडीत बोलता येते, आणि ते बोलणे बंद करून तिला आठव्या मजल्यावर जपून ठेवण्यात घरच्यांचा हेतू चांगला असला तरी हिशेब चुकलेला असतो.

भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली देशव्यापी पाहणीवरून मांडण्यात आला. प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक निघाले. या रोगाविषयीची बहुतेक माहिती मात्र युरोप-अमेरिकेतील मेंदूंवरून आलेली आहे. ती उणीव भरून काढण्याचे काम बंगळुरूत चालू आहे. निम्हान्स या संस्थेत १९९५ पासून मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंची पेढी आहे. भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्राने शहरातील वृद्धांबरोबरच एक ग्रामीण पाहणीही हाती घेतली आहे. व्हाइटफील्डहून होस्कोटे, कोलार असे पूर्वेला गेले की आंब्यांसाठी प्रसिद्ध असलेला श्रीनिवासपूर तालुका लागतो. तेथील पंचेचाळीस वर्षांपुढील दहा हजार लोकांना वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा तपासण्याची ही योजना २०१८ साली सुरू झाली. रक्त, जनुके, स्मरणशक्ती आणि मेंदूची चित्रे अशा सर्व नोंदी त्यात घेतल्या जातात. त्यांतील बहुतेकांना आज कोणताही विकार जाणवत नाही. काहींच्या मेंदूत गाळ साचायला सुरुवात झाली असेल, आणि तो कोणाला कधी जाणवेल हे पुढील तपासण्यांतून उलगडत जाईल.